कोपरापर्यंतचा मांडा

मांडा लाटत नाहीत. हे ज्याला माहीत नाही, त्याला छबूबाईचं दुखणं कळायचं नाही. पुरण भरलेला सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलायचा, या हातावरून त्या हातावर खेळवायचा. तो तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत पसरत जातो, आणि आरपार दिसेल इतका पातळ झाला की चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद सोडायचा. पोळपाट म्हणजे आपलेच हात. आणि छबूबाईच्या हातांवर, कोपरापासून खाली चार-चार बोटं, सोरायसिस होता.

नऊ वर्षं. लाल चट्टे, त्यावर चुन्यासारखे पापुद्रे. कोरीट गावात कुठेही खापर मांडलं की पहिला निरोप छबूबाईला जायचा. तो हळूहळू थांबला. तोंडावर कोणी काही बोललं नाही. "छबूबाईनी तब्येत बरी नही शे," असं लोक परस्पर ठरवायचे, तेही तिला न विचारता. ती उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्यांचं पोलकं घालू लागली. मलम लावलं की बरं वाटायचं, बरं वाटलं की ती मलम सोडायची. झोपेत खाजवायची आणि सकाळी चादर झटकताना नवऱ्याकडे पाठ करायची.

महाशिवरात्रीच्या आधी ती शेवया द्यायला नंदुरबारला तीजाबाईंकडे गेली. नवऱ्याच्या, चांदमल शेठच्या, किराणा दुकानामागेच त्यांचं घर.

"बाही वर कर," तीजाबाई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या, शेठाणीबाई."

"अगं, मी काय नवरी पाहायला बसलेय? कर वर."

छबूबाईने बाही सरकवली. तीजाबाईंनी तोंड वाकडं केलं नाही, हेच तिला पहिल्यांदा जाणवलं.

"माझ्या सासऱ्यांना पाठभर होतं. रात्री भांगेची गोळी घ्यायचे. डाग जात नव्हते हं, खोटं नाही सांगणार. पण खाज विसरून झोपायचे."

"भांग म्हंजे गांजाच ना?"

"झाड एकच. आम्ही पान घेतो, महादेवाचं म्हणून. बोराएवढी गोळी, तीही झोपतानाच. दिवसा नाव काढायचं नाही."

तीजाबाईंनी दिलेल्या डबीतली गोळी सुरू केल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी नवऱ्याने, भिलाने, चहा पिता पिता तिच्याकडे रोखून पाहिलं. "रातले झोपमा हासी ऱ्हायनी व्हती तू."

"कोणवर?"

"माले काय माहीत? मन्हावर तं नसशी."

ती झोपत होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा चादर कोरी निघत होती. खाजवणं थांबलं तसे ओरखडे भरले, चट्ट्यांचा लाल रंगही जरा उतरला. एकटी असली की ती बाह्या वर करून हात उन्हात धरायची.

सुनेला, रंजिताला, ती गोळ्यांची डबी पिठाच्या कोठीमागे सापडली.

"आत्याबाई, पोलीस उनात तं काय सांगशात? महादेवना परसाद शे?"

"तुले नऊ वरीस खाज उनी का?"

"नही."

"मंग चूप ऱ्हाय."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. सासू गेल्यानंतरची पहिली. छबूबाईला मांडा शिकवला तो सासूनेच. आता तिच्याच नावाचं पान दुपारी वाढायचं होतं. त्यावर दुसऱ्या कोणाच्या हातचा मांडा यावा, हे छबूबाईला सहन होणार नव्हतं. पुरुषोत्तमनगरहून नणंद सीमा आदल्याच दिवशी आली. सकाळी तिने पिशवीतून प्लॅस्टिकचे लांबलचक हातमोजे काढले.

"भाभी, हाई घाल. कोपरलगून येतस."

"हाई तं म्हैसना डॉक्टर घालतस!"

रंजिता हसली. सीमा हसली नाही. "मन्ही मायनी पहिली आखाजी शे. पितरसना घास शे. मी वाईट बोली ऱ्हायनू का?"

वाईट नव्हतीच बोलत ती. म्हणून तर लागलं. हातमोज्याला कणीक चिकटते, मांडा फाटतो. मोजे घालायचे नाहीत, तर सीमासमोर एकदाही खाजवायचं नाही. छबूबाई कोठीमागे गेली आणि सकाळी नऊ वाजता गोळी गिळली.

अकराला ती खापरासमोर बसली. पहिले तीन मांडे असे उतरले की सीमा आपोआप पुढे सरकली. चौथा गोळा हातावर आला आणि छबूबाईला वाटलं, वेळ भरपूर आहे. मांडा पसरत होता, ती पाहत होती. अजून जागा आहे, अजून आहे. खाज कुठेच नव्हती. मांड्याचं वजनही कुठे नव्हतं. तो मधोमध फाटून निखाऱ्यावर पडला, पुरण चरचरलं, आणि तिला हसू आलं. डावं मनगट खापराच्या कडेला टेकलंय, हे तिला रंजिताच्या किंकाळीने कळलं.

रंजिताने हात ओढून पाण्यात बुडवला.

"काय खादं हिनी?" सीमाने विचारलं. रंजिता खाली पाहू लागली.

"भांग," छबूबाई म्हणाली. "दोन महिना व्हयनात. खाज मरस तिनाथीन."

"मायना दिनले? सकायले?"

"माले खाजनं भेव नही लागनं, सीमा. तुन्हा डोळासनं लागनं."

मग सीमाने हात धुतले आणि खापरासमोर बसली. लहानपणी शिकून सोडून दिलेली विद्या; मांडे भाकरीसारखे जाड झाले. पितरांच्या पानावर तेच गेले. छबूबाईने ते पाहिले आणि भाजलेला हात पदराखाली घेतला.

आठवड्याने रंजिता तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तरुण डॉक्टरीणबाईंना छबूबाईने सगळं सांगितलं, भांगेसकट.

"खाल्ल्यावर नेमकं काय वाटतं?"

छबूबाईने विचार केला. शाळेतली मराठी जुळवून म्हणाली, "खाज लांब जाते, बाई. पण हातही लांब जातात."

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. "यावर अभ्यास चाललेत, पण आज मी हो म्हणू शकत नाही. आता ज्या गोळ्या देतेय त्यांच्याबरोबर तर नकोच. मलम मात्र बरं वाटलं तरी सोडायचं नाही. आणि हा आजार कोणाला लागत नाही, हे लोकांना सांगा."

"लोकं विचारतच नहीत."

"मग न विचारता सांगा."

चट्टे थोडे कमी झाले, गेले नाहीत. रात्री पुन्हा जड जाऊ लागल्या. डबी टाकून द्यायला तिचा हात होईना. ती कोठीमागेच राहिली, बंद.

मग धोंड्याचा महिना लागला आणि सीमाचा फोन आला. तिचा जावई जेवायला येणार होता. "भाभी, मांडा तूच करशी."

"आन् तुन्हा घरन्या बाया?"

"तू दखी ले त्यासले."

छबूबाई गेली. अंगणात खापर मांडलेलं, सात-आठ बाया बसलेल्या. तिने पोलक्याच्या बाह्या दंडापर्यंत दुमडल्या आणि दोन्ही हात सगळ्यांसमोर धरले.

"सोरायसिस शे. कोणले लागत नही. आते दखी ल्या, मंग जेवाले बठा."

एक बाई काम आठवून आत गेली. बाकीच्या बसून राहिल्या. पाचव्या मांड्याला खाज उठली, मुंग्यांचं वारूळ फुटावं तशी. दोन्ही हात मांड्याखाली अडकलेले. पण मांड्याचं वजन तिला रेघेरेघेला कळत होतं. कुठे जाड, कुठे विरळ. तिने दात आवळले, मांडा खापरावर सोडला. सुरकुती पडली नाही.

"सीमा," ती हळूच म्हणाली, "ओला फडका."

सीमा गार पाण्यात फडका पिळून तिच्याजवळ बसली. "कोणता हात?"

"डावा. दाब, घासू नको."