राखीव खेळाडूची खुर्ची

रवळूला चौकशांची भारी खोड. पिरनवाडीत कुणाच्या दारात नवी सायकल उभी राहिली, की ती कुठून आणली, आधी कुणाची होती, जुनीचं काय केलं, हे सगळं विचारल्याशिवाय त्याचा पाय पुढं पडत नसे. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे त्याला लांबून बघून वाट बदलायचे. लोक म्हणायचे, पोलिसात जायचा तो चुकून गोल्फात गेला.

गोल्फात तो गेला आईमुळं. मालुबाई बेळगावच्या कॅम्पाकडच्या गोल्फ मैदानात तण काढायला जायची. तिच्या मागून रवळूही जाऊ लागला आणि साहेबलोकांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन उन्हातान्हात हिंडू लागला. अशा माणसाला कॅडी म्हणतात. सोमवारी मैदान बंद, त्या दिवशी कॅडींना खेळायची मुभा. साहेबांनी टाकून दिलेल्या काठ्या घेऊन पोरं खेळायची आणि रवळू खेळता खेळता साहेबांच्याही पुढं गेला. तो तिशीला आला तेव्हा एका निवृत्त मेजरसाहेबांनी खटपट करून त्याला धंदेवाईक खेळाडूंच्या परीक्षेला बसवलं. तो पास झाला. आता पोरगा स्पर्धा खेळणार, म्हणून मालुबाईनं गल्लीत साखर वाटली. ती जरा घाईच झाली.

"मग कधी निघालास?" तिनं विचारलं.

"तसं जाता येत न्हाय, आई. पास झालं म्हंजी नुसतं दार दिसलं. आत घेतील तवा खरं."

आत कसं घेतात, याची चौकशी रवळूनं महिनाभर केली. मेजरसाहेबांना इतकं पिडलं की ते त्याला बघून वर्तमानपत्र तोंडासमोर धरू लागले. पण माहिती मिळाली. गेल्या वर्षी वरच्या नंबरात आलेल्यांच्या जागा पक्क्या. जुन्या विजेत्यांना मान. काहींना स्पर्धेला पैसे पुरवणारी कंपनीच बोलावते, मग तो चांगला खेळो नाहीतर मालकाचा भाचा असो. उरलेल्या सगळ्यांसाठी स्पर्धेच्या आदल्या दिवशी एक चाळणी. तिथं चाळीस-पन्नास जण खेळतात आणि चार आत जातात. त्यांच्या मागं येणारे राखीव. ठरलेल्यांपैकी कुणी ऐनवेळी आलाच नाही, तर राखीवाला उभं करतात.

मालुबाईनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी पंगतीत जागा न्हाय म्हणून जेवणाऱ्याच्या मागं हुबं ऱ्हायचं. त्यो उठला की आपण बसायचं."

"तसंच. फकस्त हितं बसल्यावर कोण उठत न्हाय. बसायलाच आला न्हाय तर आपली पाळी."

बंगळूरच्या स्पर्धेला रवळू निघाला, बरोबर बोरगावचा सत्याप्पा. तोही याच मैदानातला कॅडी, रवळूबरोबरच परीक्षा पास झालेला. स्वभावानं मात्र आगाऊ. कुणाच्या लग्नात गेला तर नवरदेवाच्या शेजारी जाऊन बसायचा.

बंगळुरात पहिलं नवल म्हणजे गवत. बेळगावात होलाभोवती, म्हणजे चेंडू पाडायच्या खड्ड्याभोवती, गवत नव्हतंच, तेल घालून दाबलेल्या वाळूचं वर्तुळ होतं. चेंडू होलात ढकलायच्या आधी वाटेवरून पोतं ओढून वाळू सारखी करायची, असा तिथला रिवाज. इथं सगळीकडं मऊ हिरवं गवत, आणि चेंडूच्या वाटेला नुसता हात लावला तरी दंड. पहिल्याच होलावर रवळूचा पाय वाट सारवायला पुढं सरकला. त्याच गटात खेळणारा सत्याप्पा मोठ्यानं खाकरला. रवळूनं पाय मागं घेतला. मग दिवसभर स्वतःच्या पायांवर डोळा ठेवून तो खेळला, आणि बरा खेळला. गोल्फात कमी फटके मारणारा पुढं; रवळूचा चौथ्यापेक्षा एक फटका जास्त झाला. तो पहिला राखीव झाला आणि सत्याप्पा दुसरा.

यादी लावणाऱ्या कारकुनाला रवळूनं कानडीत गाठलं. उद्या किती वाजता यायचं, किती वेळ वाट बघतात, पाऊस आला तर काय, न आलेल्या माणसाचा कॅडी आपल्याला मिळतो का, त्यानं वाटेत निरोप पाठवला तर तो धरतात का. कारकुनानं शेवटी हात जोडले. सगळं विचारलं. थांबायचं कुठं, एवढंच विचारलं नाही. ते विचारायचं असतं हे त्याच्या मनातच आलं नाही.

सकाळी तो पहिल्या फटक्याच्या जागेकडं आला. तिथं मोठ्या छत्रीखाली कारकुनाचं टेबल होतं आणि शेजारी वेताच्या चार-सहा खुर्च्या. दोन-तीन मोकळ्याही होत्या. रवळूनं त्या बघितल्या. बेळगावात कॅडी खुर्चीवर बसत नसे. तशी पाटी कुठं लावलेली नव्हती आणि लावायची गरजही नव्हती. एकदा दमून त्यानं खुर्चीच्या पाठीवर नुसता हात टेकला होता, तर एका साहेबानं काही न बोलता त्या हाताकडं बघितलं होतं. इथंही त्याचे पाय आपोआप झाडांमागच्या कॅडींच्या शेडकडं वळले. काल दिवसभर पायांवर राखण केली होती, आज ती राहून गेली.

शेडात त्याला घरी आल्यासारखं वाटलं. कुणीतरी चहा दिला. झाडांच्या फटीतून फटका मारायची जागा दिसत होती, तेवढ्यानं त्याचं समाधान झालं. मग त्याची खोड जागी झाली. हे गवत कुठलं, बी लावतात की रोप, उन्हाळ्यात पाणी कुठून, कापतं कोण. तिथला एक म्हातारा कॅडीही बोलका निघाला. दोघांचं छान जमलं.

तिकडं एक खेळाडू तापानं अंथरुणात असल्याचा निरोप आला. कारकुनानं भोंगा तोंडाला लावून रवळूच्या नावानं तीनदा पुकारा केला. वारा उलटा होता. सत्याप्पा पायावर पाय टाकून खुर्चीवरच बसला होता, तो उठला. त्यानं नळाकडं धावत जाऊन हाका मारल्या, परत येऊन पुन्हा मारल्या. पण वेळ संपली. कारकून म्हणाला, दुसऱ्या राखीवानं यावं.

रवळू गवताच्या बियाण्याचं काहीतरी विचारत होता, तेवढ्यात वारा पडला आणि चेंडू फुटल्यासारखा आवाज आला. त्यानं मान वळवली. सोमवारच्या खेळात वर्षानुवर्षं ऐकलेला तो सत्याप्पाचा फटका होता. हातातला कप तसाच ठेवून रवळू पळत सुटला.

"कुठं होतास?" कारकुनानं विचारलं.

"शेडात."

"शेडात कशाला? तू खेळाडू ना?"

जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारणाऱ्या रवळूनं या एका प्रश्नावर मागं वळून शेडाकडं बघितलं. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

घरी मालुबाईनं ऐकलं तेव्हा तिला राग आला, पण तो कुणावर काढावा हे तिला कळेना. "खुर्ची मोकळी हुती?"

"व्हय."

"मग?"

"पाय तिकडं गेलंच न्हाईत."

मालुबाईनंही बेळगावच्या मैदानात अर्ध्याहून जास्त आयुष्य उकिडवं बसून काढलं होतं. भाकरीसुद्धा ती कुंपणाच्या बाहेर जाऊन खायची, आणि बाहेर जा असं तिलाही कधी कुणी सांगितलं नव्हतं.

सत्याप्पा दोन दिवस खेळून बाद झाला. गावी परतल्यावर तो तोंड लपवून हिंडू लागला. शेवटी रवळूच त्याच्याकडं गेला आणि आत गेल्यावर काय काय होतं, याची संध्याकाळपर्यंत चौकशी करून आला. सत्याप्पानंही काही राखून न ठेवता सगळं सांगितलं. दोस्ती टिकली.

पुढल्या वर्षी रवळू पुन्हा बंगळूरला गेला. पुन्हा तीच चाळणी, आणि पुन्हा एक फटका जास्त. पहिला राखीव. या खेपेला सकाळी तो सरळ छत्रीकडं गेला आणि वेताच्या खुर्चीवर बसला. थोड्या वेळानं पांढऱ्या कपड्यातला एक वेटर आला. रवळूच्या हातांकडं आणि बुटांकडं बघून म्हणाला, "कॅडींची जागा मागं आहे."

"ठाऊक आहे," रवळू म्हणाला. "मी पहिला राखीव. माझी जागा ही."

वेटर थोडा घुटमळला आणि निघून गेला. एकेक गट पुढं जात राहिला. ऊन छत्रीच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला आलं. रवळू चहाला उठला नाही, पाण्याला उठला नाही, आणि त्यानं कुणाला एक प्रश्नही विचारला नाही. शेवटच्या गटातला शेवटचा माणूसही वेळेवर हजर झाला. कारकुनानं कागद आवरले.

रवळू पिरनवाडीला पोचला तेव्हा मालुबाई चुलीपुढं होती. "खेळलास?"

"न्हाय. सगळी आली."

"मग दिवसभर केलंस काय?"

"बसलो."

"कुठं?"

"खुर्चीवर."

मालुबाईचा भाकरी थापणारा हात थांबला. तिनं वळून त्याच्याकडं बघितलं.

"पाठ टेकून?"

रवळूनं आठवून बघितलं. आईला खोटं सांगायचं त्याच्या जिवावर आलं. "आधी कडंला बसलतो. वेटर येऊन गेल्यावर टेकली."

मालुबाईनं भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला.

"मग पुढल्या वर्षी पयल्यापासनंच टेक," ती म्हणाली.