रुमालाखालची तीन बोटं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगत आलो ते वेगळंच — फौजेनं माझ्यावर अन्याय केला, दंडावर बढतीची फीत मिळायला हवी होती, दिली नाही. पारावर, बाजारात, लेकीच्या लग्नाच्या मांडवातसुद्धा हे गाऱ्हाणं मी तावातावानं गायलो. "सापडलो, पण तोंड उघडलं नाही!" असं म्हणायचो. ते खरं होतं. तेवढंच खरं होतं.

बहात्तरचा उन्हाळा. नगरला आमचं शिक्षण चाललेलं. पारनेरकडच्या माळावर एका देवळापाशी जोडीजोडीनं सोडून द्यायचे. शिदोरी नाही, पाणी नाही. आमचेच लोक शत्रू होऊन मागावर. सापडलेल्यानं स्वतःचं नाव, नंबर, हुद्दा एवढंच सांगायचं. जोडीदार कुठं लपलाय ते मरेस्तोवर नाही. जो न सापडता पोचेल, त्याचं नाव फितीसाठी पुढे जायचं.

माझा जोडीदार सोनईचा दगडू. एका ओघळीत, घायपाताआड त्याला बसवून मी पाणी शोधायला उतरलो — आणि धरला गेलो. हात बांधून उन्हात बसवलं. शत्रू झालेला हवालदार कोल्हारचा, बैलांच्या दलालाच्या घरचा. मीही बैलबाजारातच वाढलेला, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं माझ्या बांधल्या हातांवर रुमाल टाकला आणि खाली आपला हात सारला. बैलाचा सौदा करतात तसा — बोटं दाबून भाव, तोंडानं चकार शब्द नाही.

"बोलू नगंस. देवळापासनं कितवी ओघळ, तेवढी बोटं दाब. पानी देतो."

तहान होती. पण मी मोडलो होतो का? नाही — हेच तर सांगायचंय. मी त्याचा हात झटकला. नकार म्हणून नव्हे, भाव वाढावा म्हणून.

तो हसला. "लई चिवट हायेस. बरं, भाकरी बी."

मी तीन बोटं दाबली.

दगडूला आणलं तेव्हा माझी भाकरी खाऊन झाली होती. तो शेजारी बसला, मान खाली घालून. "धूळ घशात गेली, खोकलो, आन् हे पुढ्यात हुबे. तू तोंड न्हाई उघडलंस गड्या, आन् मी घात केला." तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी उलट खेकसलो — "खोकला आवरत न्हाई, तर फौजेत आलास कशाला?"

मला फीत मिळणारच नव्हती. मी सापडलोच होतो. गेली ती त्याची.

आता तो बाजाराच्या दिवशी माझ्याकडे येऊन टेकतो. मी अजून रुमालाखाली सौदे करतो. त्याला दमा आहे. माझ्यासमोर खोकला आला, की तो उपरण्यात तोंड दाबून धरतो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी बैलांकडे बघत राहतो.