आप्पेपात्रवाल्या काकू

"थांब, आधी मला बघू दे," असं म्हणून काकू दोन्ही हात कमरेवर ठेवायच्या आणि खरंच बघत राहायच्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. समोरच्याला घाम फुटायचा. तुमच्याही कामावर असं बघणारं कुणीतरी असेल, पण ते बहुधा चूक पकडायला बघत असेल.

नागापूरच्या एमआयडीसीत आम्ही विजेची बटणं जोडायचो आणि काकू आमच्या सुपरवायझर. सोनई गावाकडच्या. आवाज असा, की पलीकडच्या शेडमधलीही माणसं कामाला लागावीत. माझ्याशी मात्र त्या हळू बोलायच्या.

मला ऑटिझम आहे, हे मला तिसाव्या वर्षी कळलं. तोवर दोन नोकऱ्या गेल्या होत्या. तोंडी सांगितलेलं डोक्यात राहायचं नाही, आणि जेवणाचा भोंगा झाला की हातातलं खाली पडायचं. ही तिसरी नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती. जमलं तर कायम, नाही तर पुन्हा घरी. डॉक्टरांचा कागद मी भीत भीत काकूंना दाखवला.

"अगं, माझ्या भाच्याला बी हेच हाय!" काकू एकदम खूश. "भजन लावलं की कसा शांत बसतो. तुला बी लावते."

झालं! दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलावर काकूंचा मोबाईल आणि त्यात टाळ-मृदंग. इतक्या प्रेमाने लावलेलं भजन बंद करा म्हणायचं तरी कसं? तीन दिवस मी दात आवळून बसले. चौथ्या दिवशी ट्रेभर बटणं उलटी जोडली गेली आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, "बंद करा ते!" ही नोकरीही गेली, असंच मी धरून चालले.

काकूंनी मोबाईल ॲप्रनच्या खिशात टाकला. "माझंच चुकलं गं. भाच्याचं औषध तुला पाजलं. थांब, आधी मला बघू दे." त्यांचं ते बघणं तेव्हापासूनचं.

दोन दिवस बघून तिसऱ्या दिवशी त्या घरातलं जुनं आप्पेपात्र घेऊन आल्या. बटणाचे भाग सात, खळगेही सात. कडेने जोडायच्या क्रमाने सहा, शेवटचा मधे. तोंडी सूचना बंद. कानांत कापसाचे बोळे. भोंग्याच्या आधी टेबलावर बोटाने दोनदा टकटक, म्हणजे हातातलं खाली ठेवायला मला वेळ मिळायचा.

मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "हे काय, नाश्ता सेंटर काढलंय का?"

"माल बघा साहेब, मंग हसा."

साहेबांनी माल बघितला आणि ते पुढच्या टेबलाकडे वळले. शेजारणी "आज आप्पे किती झाले?" म्हणून पिडायच्या. एकीने तर स्वतःसाठीही आप्पेपात्र मागितलं. "तुला कशाला? तुझं बूड टिकत न्हाई एका जागी," म्हणून काकूंनी तिला मालाची ने-आण करायला लावलं. तीही सुखी झाली. आणि मी कायम झाले.

काकूंच्या निवृत्तीच्या आठवड्यात मी म्हटलं, "नव्या सुपरवायझरसाहेबांना माझं सगळं सांगून ठेवा ना."

"मी न्हाई सांगनार. तुझं तू सांगायचं. मी काय जलमभर पुरनार हाय का तुला?"

मला इतका राग आला, की त्यांच्या निरोपाच्या पेढ्यालाही मी हात लावला नाही. आज त्याची लाज वाटते.

नवे सुपरवायझर पहिल्याच दिवशी भराभर काम सांगू लागले. मी हातातलं खाली ठेवलं आणि म्हटलं, "साहेब, मला तोंडी नको. लिहून द्या. आणि भोंग्याआधी जरा टेबल वाजवा." मग त्यांनी खिशातलं पेन काढलं.

संध्याकाळी मी काकूंना सोनईला फोन लावला. मला फोनवर बोलणं मुळीच जमत नाही, आणि हे काकूंइतकं कुणालाच ठाऊक नाही.

"सांगितलंस?"

"सांगितलं. पेन काढलं त्यांनी."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "लई बेस झालं. ठेव आता फोन, तुला तरास हुतो."

आणि त्यांनीच ठेवला. मला तर आयुष्यात पहिल्यांदाच फोनवर अजून बोलायचं होतं.