स्कॉटलंडच्या गाण्याची फर्माईश

आमच्या जळगाव जामोदकडच्या छोट्या रेडिओ केंद्रावर एक निवेदक आहेत. माइकसमोर ते पुस्तकातली मराठी बोलतात आणि माइक बंद झाला की म्हणतात, “चाल बे, चहा पाज.” मी बी.ए. झालो तेव्हा त्यांनी माझं नाव हवामानाच्याही आधी वाचलं होतं. त्यामुळे चहा मी आनंदानं पाजतो.

कपाशीवरच्या बोंडअळीची माहिती संपली की ते स्कॉटलंडच्या एका बँडचं गाणं लावतात. गाणारा इतका हळू गातो की आमचे शेजारी विचारतात, “हा गाऊन राह्यला का झोपून राह्यला?”

“त्यायच्या देशातल्या रेडिओनं त्यायले लय कमी वाजवलं,” निवेदक मला समजावतात. “मंग आपण वाजवू.”

गेल्या महिन्यात केंद्राच्या अध्यक्षांनी बजावलं की श्रोत्यांची फर्माईश नसेल तर हे गाणं बंद करा. दुसऱ्याच दिवशी निवेदकांनी भरदार आवाजात फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचली. त्यात माझ्या आईचंही नाव होतं. आईनं जन्मात कधी फर्माईश केली नव्हती.

संध्याकाळी अध्यक्षांनी खात्री करायला फोन केला. तो आईनंच उचलला.

“हाव, म्याच सांगतलं,” आई म्हणाली. “काऊन, आमी इंग्रजी गाणं आयकू नाई काय?”

आता ते गाणं रोज लागतं. पहिले सूर ऐकले की आई भाकरी थापता थापता मला म्हणते, “रेडिओ बंद कर बापू. त्या रेडिओवाल्याचं काम झालं ना.”