पन्ना मी खराब केला होता

हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी इतवारीच्या सराफ्यात एका जुन्या मित्राकडे रत्नं पारखायला शिकू लागलो. खडा खरा की बनावट, कापणी कशी, रंग कुठल्या दर्जाचा, हे तो भिंगातून पाहून सांगे. सराफ डोळे मिटून त्याच्यावर विश्वास ठेवत.

पहिले सहा महिने त्याने मला नुसती माणकं पाहायला लावली. आत वाकड्या रेषा दिसल्या तर खडा कारखान्यात बनलेला, असं शिकवलं. मला काहीच दिसत नसे.

"पाहून राहिला का झोपून राहिला गा?"

"मले तर आत धूर दिसून राहिला."

"तो तुझा श्वास आहे भिंगावर. पूस आधी!"

मग एक दिवस एक शिक्षिका आपल्या आईची पन्न्याची अंगठी घेऊन आल्या. मुलीला लग्नात द्यायची होती, त्याआधी किंमत लिहून हवी होती. मित्र शेजारच्या दुकानात गेला होता, म्हणून बाई अंगठी ठेवून बाजारात गेल्या. खडा मळका दिसला, म्हणून मी शहाणपणा करून तो साबणाच्या कढत पाण्यात टाकला आणि घासला. पन्न्यातल्या बारीक भेगा दिसू नयेत म्हणून त्यात तेल मुरवलेलं असतं, हे मला शिकवलेलं होतं. ते तेल निघालं. हिरव्या खड्यात पांढरं जाळं उमटलं.

मित्राने येताच अंगठी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"ताई, माझ्याच हातानं झालं," बाई परत आल्यावर तो त्यांना म्हणाला. "डोळे थकले आता. पुन्हा तेल भरून देतो."

खडा त्याने नीट करून दिला. पण डोळे थकल्याची गोष्ट सराफ्यात पसरली आणि खडे यायचे थांबले. मी दोन वर्षं गप्प राहिलो.

गेल्या आठवड्यात एकेका दुकानात जाऊन मी खरं सांगून आलो. संध्याकाळी मित्राकडे गेलो, तोवर त्याला कळलं होतं.

"काहून सांगितलं गा? मीच बोललो होतो नं."

"तुझे डोळे चांगले आहेत म्हणून."

त्याने भिंग पुसून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "हे तेव्हाच सांगायचं होतं. आता तर मलेच वाटून राहिलं, खरंच कमी दिसते का काय."

समोर एका सराफाने त्याच दिवशी पारखायला पाठवलेली पुडी होती. तो ती उघडेना. मी उघडली आणि खडा त्याच्या चिमट्यात दिला.