मुशीचं तेल लावलेली प्लिमथ

कमळाकर मोकलला घरात बसता येत नसे. म्हणजे बसायचा, पण पाहुण्यासारखा. खुर्चीच्या कडेवर, पायात चपला, नजर दाराकडे. अठरा वर्षं त्यानं बहारीनमध्ये एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या घरी ड्रायव्हरकी केली होती. दोन वर्षांतून एकदा दोन महिन्यांची सुट्टी मिळे. तेवढ्यापुरता तो करंजाड्याच्या घरात विमलबाईचा नवरा असे, धनेशचा बाप असे. सुट्टी सरत आली की त्याच्या पोटऱ्यांत काहीतरी वळवळू लागे. बॅग भरली की ते थांबे.

आखातातली लढाई संपली त्या वर्षी तो कायमचा परत आला. पहिले दोन महिने बरे गेले. मग पोटऱ्यांतली वळवळ नेमाप्रमाणे हजर झाली, आणि या खेपेला भरायला बॅग नव्हती. सकाळी उठून तो बांधावर जायचा. बांध उरला नव्हता. नव्या शहरासाठी सरकारनं घेतलेल्या शेतात मुरूम पडला होता, मुरमावर खुणेचे दगड. तो दगडांभोवती एक फेरी मारायचा आणि परत यायचा. घरात आला की पुन्हा चपला घालायचा.

"अवो, कुठं चाललंव?" विमलबाई विचारायची.

"कुठं नाय."

"मग चपला कोनासाठी घातल्या?"

तो उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहायचा.

त्याच्या मागून वर्षभरानं गाडी आली. व्यापारी वारला तेव्हा मुलांनी जुन्या नोकरांना सांगितलं होतं, घरातलं काय हवं ते एकेक न्या. स्वयंपाक्यानं फ्रिज घेतला, माळ्यानं व्हिडिओ. कमळाकरनं अंगणात खजुराखाली उभ्या असलेल्या प्लिमथकडे बोट दाखवलं. पन्नास सालची, अमेरिकेत बनलेली, म्हाताऱ्याची पहिली गाडी. कित्येक वर्षांत तिचं इंजिन कुणी चालू केलं नव्हतं. रोज सकाळी कमळाकर तिच्यावरची वाळू झटकायचा. ते काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मुलं हसली, पण शब्द फिरवला नाही. कायमचं परतणाऱ्याला एक गाडी आणता येत असे. कागदांचे हेलपाटे संपता संपता तो स्वतः घरी पोचून म्हातारा दिसायला लागला.

न्हावा-शेवा बंदराच्या यार्डात कंटेनर उघडला त्या दिवशी भावकी टेम्पोत बसून आली होती. बायजाबाई, त्याची चुलती, सगळ्यांच्या पुढे.

"यात सोना हाय काय रं?"

"गाडी हाय काकी."

बायजाबाईनं आत डोकं घातलं. चारही टायर बसलेले, अंगावर गंजाचे चट्टे, एका डोळ्याची काच फुटलेली. "गाडी? मना वाटला मेलेला म्हसरू हाय."

टेम्पोला दोर बांधून ती ओढत आणली. धनेश तेव्हा बंदरातल्याच एका कंपनीत नुकता लागला होता. ओळखीचं कुणी दिसलं की तो टेम्पोत खाली वाकायचा. "बाबा, लोकं गल्फवरनं टीव्ही आणतात, तू बॉडी आणलीस. आणि काय स्लो चाललोय आपण! फक्त पुढं मडकं धरायचं बाकी आहे."

दारात विमलबाईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, चाकांखाली चार लिंबं ठेवली. लिंबं चिरडायला गाडी पुढं जायला हवी, म्हणून भावकीनं ढकलली. ती गेली ती खळ्यात जाऊन थांबली. खळ्यात आता भात झोडायला नव्हताच. वर ताडपत्री बांधली.

मग विमलबाईनं एक नवल पाहिलं. कमळाकर चपला काढून बसू लागला. गाडीखाली गोणपाट टाकून तो आत शिरला की दुपार व्हायची. इंजिन आवळून बसलं होतं. त्यानं सिलेंडरांत तेल ओतून आठवडेच्या आठवडे वाट पाहिली, रोज थोडा जोर लावून बघायचा. एके काळी मुंबईत याच गाड्या टॅक्सी म्हणून धावायच्या, त्यांचे सांगाडे कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे अजून सापडत. तो पहाटे निघून कार्बोरेटर घेऊन यायचा, कधी नुसता एक झिजलेला दट्ट्या. जेवायला हाक मारली की मांडी घालून बसायचा, काळ्या बोटांनी भाकरी मोडायचा, दुसऱ्यांदा कालवण मागायचा. अठरा वर्षांत न बोललेलं बोलायचा. बोलायचा गाडीबद्दलच, पण बोलायचा.

विमलबाई विचारायची, "कवा व्हनार ही?"

तिला वैताग आलाय असं त्याला वाटायचं. "व्हईल. घाई नको करू."

"मी कुठं घाई करते," ती म्हणायची.

तिसऱ्या वर्षी इंजिन सुरू झालं. आधी खोकलं, काळ्या धुराचा एक लोट खळ्यातून सरळ स्वयंपाकघरात गेला, मग एक जाडसर, संथ आवाज धरून बसलं. पोरं नाचली. शेजारचे बघायला आले. कमळाकर बॉनेटवर तळवा ठेवून उभा होता. तळव्यातून ती थरथर खांद्यापर्यंत, खांद्यातून खाली पोटऱ्यांपर्यंत गेली. संध्याकाळी विमलबाई आत आली तेव्हा तो पेटी उघडून बसला होता. पासपोर्टची पानं उलटत होता. मुदत बघत होता. पायात चपला होत्या.

तिनं चपलांकडे पाहिलं. मासे साफ करायला मागच्या दारी गेली.

आता पत्रा उरला होता. खाडीचा वारा खारा. घासून काढलेल्या पत्र्यावर सकाळपर्यंत तांबूस पूड धरायची. कमळाकर घासायचा, वारा पत्रा खायचा. एक दिवस भिंतीला टेकून त्याचं ते घासणं बघत विमलबाई म्हणाली, "तुमचा बाबा होडीला काय लावायचा?"

"मुशीचा तेल."

"मग लावा की. लाकडाला धरतं, पत्र्याला नाय धरनार?"

कमळाकर थांबला. त्याला ते इतकं पटलं की हसू आलं. एवढा जगभर फिरून आपण विसरलो, आणि ही घरात बसून विसरली नाही. विमलबाईचं माहेर कामोठ्याचं. तिच्या भावानं, मारोतीनं, डबाभर तेल पोचवलं. मुशी माशाच्या कलेजीचं, उन्हात गाळलेलं, दाट आणि तपकिरी. कमळाकरनं चिंधीच्या बोळ्यानं ते गाडीला आतून-बाहेरून पाजलं. दाराच्या पोटात, जोडांच्या खाचांत, छपराच्या वळणावर, एक बोटभर जागा सोडली नाही. गंज थांबला.

गावातल्या मांजरांनी मात्र मुक्काम हलवला. टपावर, बॉनेटवर, मागच्या सीटच्या स्प्रिंगांत, जिथं पाहावं तिथं मांजर. बायजाबाई नाक धरून जायची. "कमळाकर, गिऱ्हाईक लय झाला तुजा. भाव काय लावलास?"

रंगासाठी गाडी कळंबोलीला नेली. तिथं सिताराम ट्रकच्या बॉड्या रंगवायचा. अस्तर मारलं, ते थेंबाथेंबांनी गोळा झालं. पुसून पुन्हा मारलं. वर गर्द हिरवा चढवला, आणि दोन दिवसांत उन्हानं त्याला फोड आले. सितारामनं एका फोडात नख घातलं; हातभर रंग कातडीसारखा सुटून आला. त्यानं बोटाचा वास घेतला.

"काका, गाडी घासली होती का तळली होती?"

"तेल लावला होता. मुशीचा."

"आता मीठ-मसाला लावा, म्हणजे माझं काम संपलं." मग त्याचा चेहरा पाहून सिताराम मवाळ झाला. "पार खरवडायला लागेल. खाचाखाचांतनं. परत पहिल्यापासनं."

कमळाकर कळंबोलीहून चालत निघाला. रिक्षा थांबवायचं त्याला सुचलं नाही. हायवेच्या कडेनं चालताना त्याला बाप दिसत होता, होडी उलटी घालून बसलेला. बापाच्या हातात आधी काय होतं? तेलाचा डबा की रंगाचा कुंचला? अठरा वर्षांची वाळू मध्ये होती. ती झटकत झटकत तो घरी पोचला तेव्हा उत्तर त्याच्याजवळ होतं.

विमलबाई मागच्या दारी कोलंबी सोलत होती.

"विमल, होडीला आधी तेल का आधी रंग?"

तिचे हात थांबले नाहीत. "रंग आधी. सुकला का मग तेल. तेही आतनंच."

"तुला ठाव होता."

"माझ्या बापाला चार होड्या. पोरपनापासना तेच केला मी."

"मग मना कशाला सांगलास?"

तिनं एक कोलंबी टोपात टाकली, दुसरी उचलली. "तुमी पासपोर्ट काढला व्हता पेटीतना."

तो उभाच होता. राग यायला हवा होता. तो आलाही, पण त्याला जायला जागा सापडेना. वर्षभराचं काम. आणि वर्षभर ही बाई त्या मांजरांना टरफलं टाकत शांतपणे बघत होती. त्यानं खळ्यात जाऊन पाना उचलला, रिकाम्या डब्यावर दोन-तीनदा हाणला. मांजरं पांगली. आतून तिचा आवाज आला, "जेवाला या."

तो जेवला. बोलला नाही. पावसाळा गेला तरी बोलला नाही. गाडी परत खळ्यात आली. रॉकेल, धुण्याचा सोडा, लाकडाचा भुसा यांनी त्यानं ती पुन्हा खरवडली. खरवडताना कधी वाटायचं, या बाईनं आपल्याला बांधून घातलं. कधी वाटायचं, इतकी वर्षं कुणी बांधायला गेलंच नव्हतं. दोन्हीही गोष्टी त्याला झोपू द्यायच्या नाहीत. विमलबाई माफी मागायला आली नाही. एकदा मात्र पाटा भिंतीला टेकवून आली, पदर खोचला, आणि दाराच्या आतली खाच, जिथं त्याचा हात जात नव्हता, तिथं आपला बारीक हात घालून खरवडत बसली.

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर रंग बसला. त्याच आठवड्यात पनवेलच्या एजंटाचा निरोप आला. मस्कतला एका बड्या घरी जुना, भरवशाचा ड्रायव्हर हवा होता. येऊन सही करायची, पासपोर्ट द्यायचा.

कमळाकरनं लपवलं नाही. "उद्या पनवेलला जातो. एजंटाकडं. गाडी घेऊन."

धनेश म्हणाला, "बाबा, एकटा नको जाऊ. स्टेअरिंग डावीकडे आहे, आपल्या रोडवर पुढचं काय घंटा दिसणार नाही तुला. बाजूला बघायला कोणतरी पाहिजे. मला ड्युटी आहे."

"मी येते," विमलबाई म्हणाली.

ती नवं लुगडं नेसून उजवीकडे बसली, जिथं एरवी ड्रायव्हर बसतो. नाक्यावर पोरं ओरडली, "काकी, हात सोडून चालवतेस काय!" तिनं पदरानं हसू झाकलं. पनवेलच्या रस्त्याला लागल्यावर हसू गेलं. पुढं बंदरातून आलेला ट्रेलर, त्यावर कंटेनर, भिंतीएवढा. कमळाकरला फक्त त्याची मागची पाटी आणि धूळ दिसत होती. पोटऱ्या वळवळू लागल्या. ट्रेलरमागं रांगणं त्याला सोसेना.

"मोकला हाय का?"

ती खिडकीतून बाहेर वाकली. उत्तर आलं नाही.

"विमल!"

त्याच्या मनात आलं, ही नाही म्हणेल. रस्ता मोकळा असला तरी नाही म्हणेल, आणि मला कळायला मार्ग नाही. मग त्याहून वाईट आलं: मोकळा नसताना हो म्हणाली तर?

"थांबा," ती म्हणाली. एक एसटी समोरून हिसडा देऊन गेली. मग लगेच, स्पष्ट, "आता काढा. मोकला हाय."

त्यानं काढली. न बघता, नुसत्या तिच्या शब्दावर. ट्रेलरची चाकं त्याच्या खिडकीजवळून गेली, आणि पुढं खरंच रस्ता होता, रिकामा, पार वळणापर्यंत. विमलबाई दोन्ही हातांनी सीट धरून समोर बघत होती. पुढची गाडी आली तेव्हाही ती खरं तेच बोलली, आणि त्याच्या पुढचीलाही. एजंटाच्या दारापर्यंत तिनं त्याला असं आणून सोडलं.

बॅटरी दुबळी होती. "बंद केली तर परत लागनार नाय," तो म्हणाला.

"कशाला बंद करता? मी बसते. जाऊन या."

त्यानं गिअर न्यूट्रलला टाकला, पेडल दाखवलं, किती दाबायचं ते दाखवलं. ती लांब सीटवरून सरकत त्याच्या जागेवर आली, चप्पल काढून पाय ठेवला. तो जिना चढला.

वर एजंटानं चहा मागवला, कागद पुढं केला. "इथं आणि इथं, कमळाकरशेट." कमळाकरनं पेन घेतलं. खिडकीखालून इंजिनाचा आवाज येत होता. तो ऐकू लागला. आवाज जरा चढला. जास्त दाबलं तिनं. मग उतरला, लटपटला, मरायला आला. मग पुन्हा उचलला. खाली एक बाई, जिनं आयुष्यात सायकलही धरली नव्हती, अनवाणी पायानं ते इंजिन जगवत बसली होती, नवरा वर सही करेपर्यंत. आवाज पुन्हा पडला. त्याला बसल्या जागी तिचा पाय दिसला.

तो सही न करताच पेन ठेवून उठला. तो जिना उतरत असताना एजंट काहीतरी ओरडला.

विमलबाईच्या कपाळावर घाम होता, नजर पेडलवर. मागं रिक्षावाले हॉर्न मारत होते. "झाला?" तिनं वर न बघता विचारलं. "लवकर बसा. थांबंल ही."

"बंद कर."

"अवो, परत नाय लागली तर?"

त्यानं खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवली. गाडी एकदा हादरली आणि गप्प झाली. विमलबाईनं पाय काढला नाही. तो अजून तसाच दाबलेला होता.

"ओ काका," मागचा रिक्षावाला ओरडला, "म्युझियम हलवा ना जरा!"

"हलवतो," कमळाकर म्हणाला. वरच्या खिडकीतून त्याच्या नावानं हाका चालू होत्या. त्याच्या पोटऱ्या वळवळत होत्या, नेहमीसारख्याच. त्या कधी थांबतील असं त्याला वाटलं नाही. तो मागं गेला, हिरव्या पत्र्याला खांदा लावला.

"स्टेअरिंग धर," त्यानं आवाज दिला. "सरल धर नुसता."

"मना येत नाय!"

"मी हाय ना मागं," तो म्हणाला, आणि ढकलू लागला.