वहिनीचे दोन वाफे

आमच्या घरात भाजी व्हायची ती पाहुणा आला तरच. एरवी भाकरी आणि येसुराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्या-मसाल्याची आमटी, नाहीतर लाल तिखटावर तेलाची धार. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची आणि वडील मिरजगावजवळ हायवेवरच्या धाब्यावर भांडी घासायचे. आई दिवसभर वांग्याच्या नाहीतर मिरचीच्या रानात बसलेली असायची, वडील दिवसभर लोकांच्या ताटात उरलेल्या भाज्या बादलीत ओतत असायचे, आणि घरी मी आणि मोठा भाऊ विचारायचो, "आई, आज कोरड्यास काय?" तोड्याच्या दिवशी मालकीण किडकी वांगी बाजूला टाकायची. आई ती ओच्यात बांधून आणायची आणि अळीचा भाग कोरून काढायची. एका वांग्यातून जेमतेम अर्धं निघायचं.

होस्टेलला गेल्यावर मेसच्या जेवणाला सगळ्या पोरी नावं ठेवायच्या. मी कधीच ठेवली नाहीत. दोन्ही वेळेला ताटात भाजी येते, याचंच मला पहिले सहा महिने नवल वाटायचं.

मी बी.एस्सी. झाले, वनस्पतिशास्त्र घेऊन. आमच्या अख्ख्या भावकीत माझ्याआधी कुणी बारावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. हे मी जरा जास्तच वेळा सांगते असं आई म्हणते. खरं आहे म्हणून सांगते.

निकालानंतर मी घरी परत आले. नोकऱ्यांचे फॉर्म भरणं चालू होतं. वस्तीच्या कडेला, पाण्याच्या टाकीखाली, ग्रामपंचायतीची पडीक जागा होती. वेड्या बाभळी आणि प्लास्टिक, दुसरं काही नाही. मी सरपंचांकडं गेले आणि म्हणाले, ही जागा वस्तीला द्या, आम्ही तिथं सगळ्यांसाठी भाजी लावतो. सरपंचांनी चष्मा वर सारला.

"म्याडम, तिथं आमाला पत्र्याचं शेड घालायचंय. घंटागाडी, ट्रॅक्टर लावायला."

"उन्हाळ्यापुरती द्या."

"बरं. एक मेच्या ग्रामसभेपर्यंत घ्या. तवा हिरवी दिसली तर ऱ्हाऊ द्या, न्हाई तर शेड. मंग रडायचं न्हाई."

तर असा तो करार. एक मेला जागा हिरवी दिसली पाहिजे.

जागा साफ झाली ती इर्जिकीनं. इर्जिक म्हणजे घरटी एका माणसानं फुकट राबायला यायचं आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. माघातल्या तीन रविवारी बाभळी निघाल्या, दगड वेचले गेले, शेणखत पडलं. मी सुतळी लावून वाफे आखले. कुठल्या वाफ्यात काय लावायचं त्याचा तक्ता करून टाकीच्या खांबाला चिकटवला. त्या दिवशी बायका मला विचारत होत्या, "पोरी, गवार कुठं? चवळी कुठं?" आणि मी बोट दाखवत होते. तसं सुख मला पदवीच्या दिवशीसुद्धा झालं नव्हतं.

ते सुख आठ दिवस टिकलं.

माझी वहिनी, मोठ्या भावाची बायको, पुणतांब्याची. गोदावरीच्या काठची. तिच्या माहेरी भाजीचंच रान, सातवीनंतर ती त्यातच राबलेली. तक्त्यात तिच्या नावावर कडेचे दोन वाफे होते, भेंडी आणि दोडका. माझी भेंडी तिच्याच शेजारी. पाचव्या दिवशी तिची भेंडी ओळीनं वर आली. माझ्या वाफ्यात आठव्या दिवशी इथं एक, तिथं एक, म्हाताऱ्याच्या तोंडातल्या दातांसारखी.

शेजारच्या म्हातारीनं दोन्ही वाफे बघितले आणि वहिनीला विचारलं, "काय केलंस गं?"

"काय न्हाई मावशी. बी रातभर वल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठिवलं हुतं."

मी मध्येच म्हणाले, "ते पुस्तकात आहे. आम्हाला दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकल होतं त्याचं."

"मंग तुजं बुकातच उगवलं आसंल," म्हातारी म्हणाली. बायका पोट धरून हसल्या. वहिनीनं पदर तोंडाला लावला, पण तीही हसत होती हे मला दिसलं.

तिथून ते सुरू झालं. बायका वाफ्यात वाकल्या की हाक मारायच्या ती वहिनीला. पानांवर माव्याची कीड पडली, वहिनीला विचारा. दोडक्याला मांडव कधी, वहिनीला विचारा. मी खांबापाशी तक्त्याजवळ उभी असायची आणि मनात मोजत असायची, आज किती वेळा वहिनी, किती वेळा मी. एका सकाळी आकडा अकराला शून्य होता. घरी आल्यावर आई म्हणाली, "तुजी वहिनी म्हणती का गवारीला पाणी जादा झालंय." मी ताट सरकवून उठले. माझ्या आईनं, जिनं मला शिकवण्यासाठी दुसऱ्यांची रानं खुरपली, तिनंसुद्धा वहिनीच्या तोंडचं मला सांगावं?

मला खोटं लिहायचं नाही. वहिनीनं माझं काही वाईट केलं नव्हतं. मला "वन्सं, वन्सं" करायची, माझी पुस्तकं पुसून ठेवायची. तिच्या हाताखाली जे येतं ते उगवतं आणि माझ्या हाताखाली उगवत नाही, एवढाच तिचा गुन्हा होता.

शिमगा झाला आणि पाण्याची ओढाताण सुरू झाली. टाकीचं पाणी तीन दिवसांआड आलं. वहिनी म्हणाली, रोज सकाळी घरटी एक घागर आणू, तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं, जे असेल ते. बायकांनी माना डोलावल्या. मला मात्र तेवढ्यात माझी संधी दिसली. चौकात पिण्याच्या पाण्याचा फिल्टर प्लांट आहे, त्याच्या मागच्या पाइपातून दिवसभर वाया जाणारं पाणी गटारात पडतं. सगळं गाव रोज ते बघतं, पण कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं. मी सरपंचांकडून पाइप मागून घेतला, प्लांटपासून बागेपर्यंत जोडला आणि कॉक सोडला. पाणी वाफ्यात शिरलं तशा टाळ्या वाजल्या. सरपंचांनी माझा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. शेजारची म्हातारी म्हणाली, "शिकल्याचा उपेग झाला म्हनायचा."

वहिनीनं पाइपाखाली बोट धरलं आणि जिभेला लावलं.

"वन्सं, हे मचूळ लागतंय. खारं हाय."

"फिल्टरचं पाणी आहे, वहिनी."

"आसंल. पर खारं हाय. आमच्याकडं आसलं पानी कुणी भाजीला देत न्हाई."

सगळ्या बघत होत्या. मी म्हणाले, "जिभेनं कळलं असतं तर कॉलेजात एवढ्या लॅबोरेटऱ्या कशाला काढल्या असत्या?"

हशा पिकला. या वेळी माझ्या बाजूनं. वहिनीचं तोंड एवढंसं झालं. एवढंच म्हणाली, "माज्या दोन वाफ्यांना नका सोडू. मी डोक्यावर आनीन." मी म्हणाले, खुशाल आणा. त्या दिवशी मला भाकरी गोड लागली, हेही लिहिते.

मग ती रोज सकाळी दोन घागरी घेऊन यायची. बाकीच्या बायका कॉक फिरवायच्या आणि तिला चिडवायच्या, "आगं, नळ आला गावात, तू आजून हिरीवरच!" ती हसून पुढं जायची. मला वाटायचं, मला खिजवायलाच चाललंय हे.

पंधरा दिवसांत गवारीच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मी म्हणाले, ऊन आहे, आणि पाणी वाढवलं. चवळी मान टाकू लागली. मी आणखी वाढवलं. मातीवर पांढरी पापडी धरली, बोटानं उचलली तर पापडासारखी निघायची. बायका माझ्या तोंडाकडं बघायच्या आणि मी तक्त्याकडं. कडेचे दोन वाफे मात्र हिरवेगार. दोडक्याला पिवळी फुलं लागलेली.

सरपंच एकदा मोटारसायकलवरून उतरलेच नाहीत, तिथूनच म्हणाले, "म्याडम, पत्रे सांगून ठिवू का?"

त्या आठवड्यात मी जे केलं ते आजवर फक्त एका माणसाला सांगितलं आहे. दुपारी बारा-साडेबाराला, बायका कामावर गेलेल्या असताना, मी बागेत गेले आणि पाइपाचं तोंड उचलून वहिनीच्या भेंडीत ठेवलं. मनात म्हणत होते, सगळ्या वाफ्यांना सारखंच पाणी पाहिजे, नाहीतर तुलना कशी होणार. शास्त्रशुद्ध कारण होतं! पाणी सरीतून दोडक्याच्या बुंध्यापर्यंत गेलं. मी उभी राहून बघितलं आणि मग पाइप परत जागेवर ठेवला.

संध्याकाळी वहिनी आली, मातीला हात लावला आणि म्हणाली, "दुपारी वली कशी झाली?" मग बोट जिभेला लावलं आणि माझ्याकडं बघितलं. मग घरी गेली आणि घागर घेऊन आली. ती ओतली. परत गेली. सहा खेपा केल्या त्या संध्याकाळी तिनं, आमच्या पिण्याच्या पिंपातलं गोडं पाणीसुद्धा. घरात कुणी विचारलं नाही. मी पिंपाच्या तळाचं पाणी तांब्यात घेतलं आणि तसंच परत ओतलं.

कारण मला माहीत होतं. ती बोट चाखत होती त्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पर्यावरणाच्या पेपरात होतं ते: फिल्टर पिण्याच्या पाण्यातला क्षार काढतो आणि तो सगळा वाया जाणाऱ्या पाण्यात सोडतो. त्या प्रश्नाला मी पूर्ण उत्तर लिहिलं होतं. वहिनीनं जिभेनं सांगितलं म्हणून मला ते आठवायचं नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या जमल्यावर मी बोलले. म्हणाले, उन्हाचं काही नाही, पाणी खारं आहे, चूक माझी आहे, वहिनी पहिल्या दिवशीच म्हणाली होती.

मग म्हातारीनं विचारलं, "परीक्षेत किती मार्क पडले हुते गं तुला?"

"पहिला वर्ग."

"आन् जिभेला?"

हसू आलं सगळ्यांना. मला आलं नाही. आई पुढं आली आणि म्हणाली, "आता दात काढत बसू नका. एक मेला किती दीस ऱ्हायलेत ते बगा."

पाइप काढला. वरची पापडी खुरप्यानं खरवडून टोपल्यांनी बाहेर टाकली, माती खालीवर केली, शेणखत घातलं, आणि पुढं आठ दिवस घरटी दोन घागरी नुसत्या जमिनीत जिरवल्या, क्षार खाली जायला. ती घागरींची पाळी वहिनीनं लावली. काय पेरायचं ते विचारताना ती माझ्याकडं वळली. "वन्सं, खारवट जमिनीत काय तग धरतं, तुमच्या बुकात आसंल की."

मी म्हणाले, पालक. थोडा राजगिरा.

"मंग पालक."

ती हे माझी मर्जी राखायला म्हणाली की खरंच विचारलं, हे मला कधी कळलं नाही. मी तिच्याबरोबर बी टाकलं. पाइपाचं मी तिला तिथंच सांगितलं, हळू आवाजात. ती बी टाकायची थांबली नाही. म्हणाली, "म्हाईत हाय. पायाचे ठसे चपलीचे हुते. दुपारी चप्पल घालून वाफ्यात कोन जातं, तुमीच."

पालक उगवला. खरवडलेल्या मातीत तो हिरवा ठिपका ठिपका दिसायला लागला, मग ओळ, मग वाफा. काही ठिकाणी टक्कल राहिलं ते राहिलंच. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी बायकांनी पहिली कापणी केली आणि जुड्या घरोघर गेल्या. म्हातारी आपली जुडी उंच धरून म्हणाली, "ही वहिनीच्या हाताची." बी माझ्या सांगण्यानं आलं होतं. मी आपली जुडी उचलून घरी नेली. पण दाताखाली खडा यावा तसं झालं, आणि ते अजूनही होतं.

एक मेला सरपंच सगळ्या सदस्यांना घेऊन टाकीखाली आले. दोडक्याच्या मांडवाखाली उभे राहिले, पालकाचं एक पान तोडून चुरगाळलं. ग्रामसभेत बागेची जबाबदारी कोण घेणार असं विचारलं तेव्हा मी उत्तर तयार करून बसले होते. अर्ध्या सभेनं वहिनीकडं हात केला. आईनंही केला. वहिनी उठून उभी राहिली आणि घाबरून माझ्याकडं बघायला लागली. मी माझा हात वर केला, सगळ्यात शेवटी.

पत्र्याचं शेड दुसरीकडं झालं. टाकीखालची जागा वस्तीच्या भाजीसाठी कायम ठेवायचा ठराव झाला, आणि तेव्हापासून प्रत्येक उन्हाळ्यात तिथं भाजी निघते.